बत्ती चालू, दार बंद

मुंबईकराला विचारा, दीपगृह कुठे पाहिलंस? बहुतेक जण गोव्यातल्या आग्वादचं नाव घेतील. मुरूडला जाताना कुणी कोर्लईला थांबलेला असेल, कुणी रत्नागिरीच्या किल्ल्यावरून पाहिलं असेल. मुंबईचं नाव कुणी घेणार नाही. ज्या शहराने सगळा संसार बंदराच्या जिवावर थाटला, त्याच्या उंबऱ्यावर एकोणिसाव्या शतकातली चार दीपगृहं उभी आहेत: डॉल्फिन रॉक (१८५६), खांदेरी (१८६७), प्राँग्स (१८७५) आणि संक रॉक (१८८४). मांडव्याच्या लाँचमध्ये उजव्या हाताला बसलात तर त्यातलं एखाददुसरं दिसतंही. पण तेव्हा बहुतेकांचं लक्ष सीगल पक्ष्यांना गाठी-शेव टाकण्यात असतं. तो उद्योगही एकदा थांबवायला हवा, पण ते वेगळं प्रकरण.

हे सगळं आत्ता लिहायला निमित्त आहे. सागरी दिशादर्शक साधनांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, 'आयाला' म्हणतात तिला, तिची परिषद आणि सर्वसाधारण सभा २०२७ मध्ये मुंबईत भरायची आहे. संघटनेचं उपाध्यक्षपद सध्या भारताकडे आहे. म्हणजे जगभरातली दीपगृहवाली मंडळी या शहरात येणार, पंचतारांकित हॉटेलात सादरीकरणं होणार, गेटवेसमोर फोटो निघणार. त्यातल्या एखाद्याने विचारलं, की इथल्या लोकांना तुमची दीपगृहं आतून बघता येतात का, तर काय उत्तर द्यायचं?

माझं म्हणणं थोडक्यात असं: ही दीपगृहं मुंबईकरांसाठी उघडा, पण चालती दीपगृहं म्हणून उघडा. आज यावर बोलणारे दोनच प्रकारचे लोक भेटतात. एकाला वाटतं, जीपीएसच्या जमान्यात यांचं काम संपलं, आता उरली ती स्मारकं. दुसऱ्याला वाटतं, बागबगीचा करून, कॅफे टाकून तिथे गर्दी खेचता येईल. दोघांचीही गृहीतकं चुकीची आहेत आणि दोघांमुळे नुकसान होतं ते एकच: दीपगृहाचं काम नजरेआड होतं.

आधी प्राँग्सबद्दल, कारण मुंबईचं खरं दीपगृह तेच. कुलाब्याच्या दक्षिण टोकाला नेव्हीनगर संपतं, तिथून खडकांची एक रांग समुद्रात शिरते. ओहोटीला ती उघडी पडते, भरतीला पाण्याखाली जाते, आणि जहाजाला धोका असतो तो या झाकलेल्या खडकाचा. कुलाब्याच्या टोकावर १७९९ पासून दीपगृह होतं. पण ते जमिनीवर, आणि खडक त्याच्या पुढे. १८४० च्या जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, 'लॉर्ड विल्यम बेंटिंक' आणि 'लॉर्ड कॅसलरे' ही दोन जहाजं कुलाब्यापाशी फुटली. किनाऱ्यावर दिवा जळत होता, बंदर डोळ्यांच्या टप्प्यात होतं, तरी माणसं बुडाली. दिवा असणं पुरत नाही, तो नेमक्या जागी असावा लागतो, हा धडा त्या काळच्या मुंबईने बरीच माणसं गमावून घेतला.

मग पुढे थेट खडकावरच मनोरा चढवला गेला. काम पाहिलं अभियंते टॉमस ऑर्मिस्टन यांनी, ज्यांचं नाव प्रिन्सेस डॉकशीही जोडलेलं आहे. सहा लाखांवर रुपये खर्च आला, त्या काळचे सहा लाख. १८७५ साली दिवा लागला, त्याच साली शेजारी ससून डॉक सुरू झाला. दगडी गोल बुरूज, चाळीस मीटरच्या आसपास उंच, त्यावर लाल, पांढरे आणि काळे पट्टे. पट्टे शोभेचे नाहीत. रात्री दीपगृह ओळखायचं ते त्याच्या उघडझापीच्या ठेक्यावरून, दिवसा ओळखायचं ते रंगावरून. किनाऱ्यावरच्या दोन दीपगृहांत गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येकाला वेगळा ठेका आणि वेगळा पेहराव दिलेला असतो. उंचीचाही हिशेब असतो: पृथ्वी गोल असल्यामुळे चाळीस मीटरवरून क्षितिज सुमारे साडेबावीस किलोमीटरवर येतं. जहाजाच्या डेकवरचा माणूस पाण्यापासून जितका वर, तितकं ते अंतर आणखी वाढतं. पण नुसती उंची पुरत नाही, ठेकाही लागतो: वरळी-परळचे नवे टॉवर प्राँग्सच्या कितीतरी पट उंच असले आणि रात्रभर लखलखत असले, तरी खलाशाच्या उपयोगाचे नाहीत. उलट किनाऱ्यावरचा हा झगमगाट वाढत गेला तसा नेमका दिवा हुडकणं अवघड होत गेलं.

आता पहिल्या आक्षेपाकडे. जीपीएस आहे, रडार आहे, जहाजांची ओळख पटवणारी एआयएस यंत्रणा आहे, मग दिवा कशाला?

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं सकाळी दहाच्या सुमारास, स्वच्छ उजेडात, एकमेकांवर आदळली. 'चित्रा' कलंडली, कंटेनर समुद्रात पडले, तेल अलिबाग-उरणच्या खाड्यांपर्यंत गेलं, बंदर काही दिवस ठप्प झालं. दोघांकडे उपकरणं होतीच. हे उदाहरण दिव्याच्या बाजूचं नाही, हे मला कळतं. त्या सकाळी दीपगृह काय करणार होतं? पण उपकरणं आहेत म्हणून समुद्र सुरक्षित झाला, या समजुतीवर त्याने पाणी पडतं. आणि अलीकडचं बघा. जून २०२५ मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या परिसरात 'फ्रंट ईगल' आणि 'अॅडलिन' हे दोन तेलवाहू टँकर धडकले. त्या दिवसांत तिथे उपग्रह-संकेतांत मोठा गोंधळ माजवला जात होता, शेकडो जहाजांचे नकाशे त्यांना भलतीकडेच दाखवत होते. उपग्रहाचा संकेत मुळात क्षीण असतो, तो दाबता येतो, खोटाही पाठवता येतो. खडकावरच्या मनोऱ्याला असं हलवता येत नाही. पडद्यावर दिसणारी जागा खरी आहे का, हे काचेबाहेर बघून ताडून पाहता येणं, ही एक गोष्ट अजून तरी कुठल्या उपकरणाने रद्द केलेली नाही.

शिवाय समुद्रावर फक्त कंटेनर जहाजं असतात असं थोडंच आहे? ससून डॉक, भाऊचा धक्का, वर्सोवा, मढ इथून निघणाऱ्या बोटींवरचे तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, आता जीपीएस वापरतात, वायरलेसही असतो. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला एक लाख बोटींना ट्रान्सपाँडर, म्हणजे बोटीची जागा कळवणारं यंत्र, देण्याच्या योजनेचं उद्घाटन झालं, ते चांगलंच आहे. पण बॅटरी उतरते, अँटेना मोडतो, सेट ओला होतो. रात्री दोन वाजता खाडीच्या तोंडाशी शिरणारा माणूस आधी ओळखीची बत्ती शोधतो, मग पडद्याकडे बघतो. कोळीवाड्यात जाऊन कुठल्याही तांडेलाला विचारा, तो दीपगृहांबद्दल भूतकाळात बोलणार नाही.

एक खुलासाही करून टाकतो, नाहीतर दीपगृहाची आरती ओवाळल्यासारखं होईल. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. ती सकाळची वेळ होती. वादळी पाऊस आणि एका बाजूला कललेली बोट, यापुढे कुठलाच दिवा कामाचा नव्हता. बातमी मुंबईत पोचायलाच कित्येक तास लागले, आणि हाती लागतील तेवढ्यांना वाचवलं ते रेवसकडच्या कोळ्यांनी. आपल्या समुद्रात माणसं मरतात ती बहुतेक वेळा बेपर्वाईने. दीपगृह हा त्या सगळ्या व्यवस्थेतला एक भाग आहे, चमत्कार नव्हे. पण भाग आहे, हे विसरू नये.

दुसरा आक्षेप, म्हणजे खरं तर दुसरा उत्साह, पर्यटनाचा. केंद्र सरकारने देशातली ७५ दीपगृहं साठ कोटी रुपये खर्चून पर्यटनासाठी सजवली. २८ फेब्रुवारी २०२४ ला तुतिकोरीनला पंतप्रधानांच्या हस्ते त्यांचं लोकार्पण झालं. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये आग्वादला पहिला दीपगृह महोत्सव झाला, पुढच्या वर्षी पुरीला दुसरा. दीपगृहं बघणाऱ्यांची वार्षिक संख्या २०१४ मधल्या चार लाखांवरून २०२३-२४ मध्ये सोळा लाखांवर गेली, असं सरकार सांगतं. लोकांना दीपगृहं बघायची आहेत, यात शंका नाही, आणि दारं उघडली याबद्दल सरकारचं कौतुकच करायला हवं. चेन्नईच्या मरीना बीचवरच्या दीपगृहात २०१३ पासून लोक जातात. तिथे लिफ्ट असल्यामुळे आजीआजोबाही वर पोचतात. चेन्नईची गंमत म्हणजे हे दीपगृह उभं राहण्याआधी कितीतरी वर्षं तिथला दिवा चक्क हायकोर्टाच्या घुमटावर होता.

पण साठ कोटी भागिले पंच्याहत्तर, म्हणजे एका दीपगृहामागे सरासरी ऐंशी लाख. त्या पैशांत काय काय? बालोद्यान, कॅफेटेरिया, खुलं नाट्यगृह, कॉटेज, हिरवळ, आणि काही ठिकाणी संग्रहालय. यादी वाचताना वाटतं, यातली प्रत्येक गोष्ट दुसरीकडे कुठेही करता आली असती. दीपगृहातच बघण्यासारखं काय आहे, ते या यादीत शेवटी येतं.

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका दीपगृहावर वर गेलो होतो. शेवटचा टप्पा उभ्या लोखंडी शिडीचा, डोकं सांभाळत चढायचा. वर भिंगाची खोली. भिंग म्हणजे आपल्या चष्म्याचं असतं तसं नव्हे, माणसाच्या छातीपर्यंत येणारं काचेच्या कड्यांचं पिंप. प्रत्येक कडं वेगळ्या कोनात घासलेलं, सगळी पितळी चौकटीत बसवलेली. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने दोनशे वर्षांपूर्वी ही युक्ती काढली. साध्या दिव्याचा चहूकडे सांडणारा उजेड गोळा करून आडव्या पट्ट्यात लांब फेकायचा. आत दिवा बघितला तर आपल्या हॉलमधल्या बल्बहून फार मोठा नव्हता. पण माझ्या लक्षात राहिले ते पडदे. खोलीच्या काचांना आतून साध्या कापडाचे पडदे ओढलेले. आमच्यातल्या एका मुलाने विचारलं, पडदे कशाला, समुद्र दिसत नाही. दीपगृहावरचे कर्मचारी म्हणाले, "बाळा, हे भिंग रात्री आतला उजेड बाहेर फेकतं, तसं दिवसा बाहेरचं ऊन आत गोळा करतं. पडदा ओढायचा राहिला तर आतलं सामान पेटेल." मग त्यांनी पडद्याची कड जरा बाजूला केली आणि मुलाला काचेच्या कड्यांतून उलटा समुद्र दाखवला. पूर्वी हे वजनदार भिंग पाऱ्याच्या कुंडावर तरंगत ठेवायचे आणि घड्याळासारखं, वजनाच्या साखळीने फिरवायचे. रात्रीतून उठून ती साखळी पुन्हा वर गुंडाळायची ड्यूटी असे, हेही त्यांनीच सांगितलं. त्या पोराला खालची बाग आठवत नसेल. पडदे आठवत असतील.

माझा मुद्दा हाच आहे. दीपगृहाची मजा त्याच्या कामात आहे, आणि ते काम समजावून सांगणारा माणूस तिथे असेल तरच ती कळते. स्वयंचलित यंत्रणा आल्यापासून माणसं कमी होत चालली आहेत. ब्रिटनमध्ये १९९८ साली शेवटच्या दीपगृहावरून रखवालदार उतरला. तिथली दीपगृहं सांभाळणाऱ्या 'ट्रिनिटी हाऊस' या संस्थेने दिवे स्वतःकडे ठेवले आणि रखवालदारांची जुनी घरं सुट्टीसाठी भाड्याने द्यायला काढली. अमेरिकेने २००० साली कायदा करून नको झालेली दीपगृहं पालिका आणि सेवाभावी संस्थांना द्यायला सुरुवात केली, जिथे कुणी पुढे आलं नाही तिथे लिलाव केला. काही चांगल्या हातांत गेली, काही श्रीमंतांच्या बंगल्यांत मोडली. आपल्याकडे लिलावाची वेळ आलेली नाही. पण 'पर्यटन विकास' या नावाखाली खांदेरीवर उद्या रिसॉर्ट आलं तर मला नवल वाटणार नाही.

खांदेरीचं प्रकरण तर पाठ्यपुस्तकात घालावं असं आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी थळच्या समोरचं हे बेट बांधायला घेतलं, ते मुंबईच्या इंग्रजांवर आणि जंजिऱ्याच्या सिद्दीवर नजर ठेवायला. महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारी यांच्या माणसांनी तोफा झेलत तट उभा केला. इंग्रजांनी महिनोन्महिने झुंज दिली आणि शेवटी नाद सोडला. त्याच बेटावर १८६७ मध्ये इंग्रजांनी दिवा लावला, आपलीच जहाजं मुंबईत सुखरूप यावीत म्हणून. नंतर बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलं गेलं. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून खांदेरीही जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता हिशेब बघा: बेट मुंबई बंदराचं, किल्ला राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली, जागतिक वारशाच्या अटी युनेस्कोच्या, दिव्याचं खातं केंद्राचं आणि त्याचं मुख्यालय नोएडात, जिथून समुद्र हजारेक किलोमीटर लांब. बेटावरच्या वेताळाच्या देवळात कोळी पिढ्यान्‌पिढ्या जातात, त्यांचं म्हणणं यात कुठल्या फायलीत नोंदवायचं? तटाचा एक दगड निखळला तर पत्र कुणी कुणाला लिहायचं, इथपासून सुरुवात आहे.

पैशाचंही एक आहे. दीपगृहं आपल्या आयकरातून चालतात असं लोक समजतात. पण आपल्या बंदरात येणारी-जाणारी जहाजं टनेजप्रमाणे शुल्क भरतात, ते याच कामासाठी. १९२७ च्या कायद्यात ते होतं आणि त्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या कायद्यातही आहे. त्या पैशावर पहिला हक्क दिव्याचा, भिंगाचा, रंगाचा आणि तिथल्या माणसांचा. कारंज्यांचा नंतर. याच २०२१ च्या कायद्यात 'वारसा दीपगृह' जाहीर करायची तरतूद आहे, शिक्षण, संस्कृती आणि पर्यटन अशा तिन्ही कारणांसाठी. यातल्या पहिल्या दोन शब्दांवर जोर देऊन मुंबईची चारही दीपगृहं त्या यादीत एकत्र घ्यावीत, एक बंदर म्हणून. डॉल्फिन आणि संक रॉक पाण्यातल्या खडकांवर आहेत, तिथे गर्दी नेणं शहाणपणाचं नाही. ती लाँचमधूनच दाखवावीत. मांडव्याच्या प्रवासात दोन मिनिटांचा ध्वनिमुद्रित मजकूर वाजवायला किती खर्च येतो? मराठीत, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

राहिला सुरक्षेचा मुद्दा, आणि तो खोटा नाही. प्राँग्सकडे जाणारी वाट नौदलाच्या हद्दीतून जाते. २००८ च्या नोव्हेंबरात अतिरेकी समुद्रातूनच आले, कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. त्यांना पहिले प्रश्न विचारले ते तिथल्या माणसांनीच. त्यानंतर किनाऱ्यावर रडार आणि कॅमेऱ्यांची जी साखळी उभी राहिली, तिची बरीच उपकरणं दीपगृहांवरच बसवली गेली. ज्या मनोऱ्यांना आपण कालबाह्य म्हणतो, तेच पहाऱ्याचे डोळे झाले. म्हणून तिथे कुणीही कधीही जावं, असं मी म्हणत नाही. पण मलबार हिलवरचं राजभवन बघता येतं, आधी नाव नोंदवून, ओळखपत्र दाखवून. २०१६ मध्ये तिथे ब्रिटिशकालीन भुयार सापडलं, तर त्याचं संग्रहालय केलं. महापालिकेच्या मुख्यालयात २०२१ पासून वारसा फेरी निघते. राज्यपालांच्या घरी जे जमतं, ते एका दिव्याच्या खांबाशी का जमू नये? मोजकी माणसं, ठरलेली तारीख, बरोबर नौदलाचा माणूस, फोन गेटवर ठेवायचे. सेल्फी मिळणार नाही म्हणून जे येणार नाहीत, ते न आलेलेच बरे.

आणि हे करताना एक काम लगेच सुरू करावं, कारण ते पुढे ढकलता येणार नाही. ज्यांनी रॉकेलच्या दिव्यापासून एलईडीपर्यंतचा बदल हातांनी केला, ती पिढी निवृत्त झाली आहे. पावसाळ्यात बोट लागायची नाही तेव्हा खडकावर शिधा कसा पुरवत, भिंग कशाने पुसत, उधाणात मनोरा हलल्यासारखा वाटायचा का, हे त्यांनाच ठाऊक. विद्यापीठाच्या इतिहास विभागाने दोन विद्यार्थी आणि एक रेकॉर्डर दिला तरी पुरे. २०२७ च्या पाहुण्यांना दाखवायला चकचकीत चित्रफितीपेक्षा ही ध्वनिमुद्रणं जास्त मोलाची ठरतील.

प्राँग्सला पायी जाता येतं ते फक्त ओहोटीला, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं. म्हणजे फेऱ्यांचं वेळापत्रक मंत्रालयात बसून आखायची गरजच नाही, भरती-ओहोटीचं कोष्टक दरवर्षी आधीच छापलेलं असतं. त्यातून पावसाळ्याचे चार महिने वगळायचे, दिवसा येणाऱ्या मोठ्या ओहोट्या निवडायच्या, आणि पहिल्या तारखा कुलाब्याच्या पालिका शाळांना आणि कफ परेडच्या कोळीवाड्यातल्या मुलांना द्यायच्या. परिषदेचे पाहुणे त्यांच्या नंतर.